अर्ध्या टाकीची हद्द

शनिवारी सकाळी गाडीत मी अर्धी टाकी पेट्रोल ठेवतो.
तेवढंच. काटा मधोमध.
तेवढ्यात जाऊन रात्रीच्या वाटाण्याच्या सूपाला
घरी परतता येतं, ते माझं जग.
श्यौक्ये म्हणते, तुझ्या देशाची वेस पंपवाला ठरवतो.
ठरवू दे.
पाच दिवस मी डेअरीत दुधाची फॅट लावतो,
सहाव्या दिवशी उजेडाची.

फ्रीसलंडमध्ये फोटो काढायचा
म्हणजे आधी आभाळाची मनधरणी.
चौकटीतली बारा आणे जागा त्याच्या वाडवडिलांची,
खालच्या पट्टीत कोंबायचं बाकीचं सगळं:
गाई, कालवा, चर्चचं टोक,
वाऱ्यावर कपाळ टेकवून सायकल रेटणारी
शाळेतली एखादी पोर.

येल्सुम, मार्सुम, विर्दुम.
हा शेवटचा 'उम' ऐकला की वाटतं,
गाव गोष्ट ऐकता ऐकता झोपलंय
आणि झोपेतच हुंकार देतंय.
गोष्ट कोण सांगतंय, ते मला अजून सापडलेलं नाही.

टिटवी समुद्र आटवते म्हणतात.
इथे माणसांनीच आटवला, आणि गवत लावून
टिटवीला राहायला दिला.
मार्चमध्ये मी बांधावर पालथा पडतो तिच्यासाठी.
ती ओरडते, डोक्यावर घिरट्या घालते,
फोटोत येते तो फक्त एक काळा फराटा.
असे माझ्याकडे दोनशे फराटे आहेत.
एकही टाकून देववत नाही.

आणि पूल.
उचलायचा पूल, त्याच्या कडेला लाकडी खोली,
खोलीत विब्रन.
होडी आली की तो पूल वर घेतो,
मग गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
दोरीने खाली सोडतो. बुटात पैसे टाकायचे.
हे मी अकरा वर्षं टिपलं,
धुक्यात, भर उन्हात, एकदा गारांत.

एका शनिवारी गाडी घरी ठेवली,
मेहुण्याच्या होडीतून गेलो.
बूट डुलत खाली आला.
नाण्याऐवजी मी त्यात फोटो ठेवला,
त्याचाच, सगळ्यात चांगला.
बूट वर गेला. बराच वेळ काही नाही.
मग परत खाली. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने:
"दोन युरो. आणि फोटो तिरका आहे."

माझ्या तिपाईला पाणसळ आहे!
घरी येऊन पट्टी लावली.
क्षितिज सरळ. पाणी सरळ.
तिरकी होती ती त्याची खोली,
एका बाजूने मऊ मातीत बोटभर खचलेली.
पुढच्या शनिवारी तोंडावर सांगितलं.
म्हणाला, "ठाऊक आहे की.
खुर्चीच्या एका पायाखाली
अर्धा पत्त्यांचा जोड घातलाय मी.
तू फोटोखाली काय घातलंस?"

आता तो पूल शहरातून कुणीतरी उचलतं,
पडद्यावर बघून. उंटावरून शेळ्या.
विब्रन लेकीकडे गेला, अर्ध्या टाकीच्या बाहेर.
खोलीला कुलूप नव्हतं.
खुर्ची नेलेली. पत्ते तिथेच,
दबून दबून एकच जाड पत्ता झालेले,
वर किलवरची सत्ती.

बाहेर आलो, तिपाई लावली,
पाणसळीतला बुडबुडा मुद्दाम एका कडेला नेला
आणि बटण दाबलं.
खोली ओळंब्यात आली.
कलला तो बाकीचा सगळा प्रांत:
कालवा, गाई, चर्चचं टोक,
सगळं हळूहळू उजवीकडे ओघळत निघालेलं.

तो फोटो जिन्यात लावलाय.
श्यौक्ये येता-जाता बोटाने
चौकट सरळ करते.
उलटी फिरते, पुन्हा बघते, पुन्हा करते.
मी काही बोलत नाही.
सूप ढवळत उभा राहतो.